रात्रभर दम धरून पाहणारे काका

नव्या विषाणूची बातमी आली, की हा प्रश्न हमखास येतो : "मॅडम, घसा खवखवते, छातीत धडधड होते. मले तेच त नाई झालं?"

मार्च २०२०ची गोष्ट. राज्यातले कोरोनाचे पहिले रुग्ण ९ मार्चला पुण्यात सापडले, दोन दिवसांत नागपूरचंही नाव आलं. त्याच सुमारास आशाताई यवतमाळकडच्या एका खेड्यातल्या काकांना घेऊन आल्या. (ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.) कोरडवाहू शेती, पन्नाशी उलटलेली, मुलगा नुकताच पुण्याहून घरी परतलेला.

"हे अर्ध्या रात्री उठून बसतात अन् दम धरतात जी," काकू म्हणाल्या. मोबाइलवर मेसेज फिरत होता : दहा सेकंद श्वास रोखता आला, खोकला आला नाही, की फुप्फुसं साफ. काकांनी ती परीक्षा माझ्यासमोरही दिली. नाक चिमटीत, डोळे भिंतीवरच्या घड्याळावर. सातव्या सेकंदाला ठसका लागला आणि चेहरा पांढराफटक.

मुळात परीक्षाच खोटी. लागण झालेला तरुणही दहा सेकंद सहज दम धरतो, आणि जुन्या बिडीवाल्याला विषाणूविनाच ठसका लागतो. त्यात घाबरलेला माणूस भराभर श्वास घेतो. मग बोटांना मुंग्या, गरगरणं, छाती आवळणं. काकांना तेच आजाराचं लक्षण वाटायचं, की पुन्हा परीक्षा.

"काही होत नाही, घाबरू नका" असं मी म्हणत नाही. ते पोलीस पाटलापासून मेडिकलवाल्यापर्यंत सगळ्यांनी सांगून झालेलं असतं. मी विचारलं, समजा झालंच, तर डोळ्यांपुढे आधी काय येतं? काका खिशातल्या खर्र्याच्या (सुपारी-तंबाखूच्या) पन्नीशी चाळा करत राहिले. (एकाच पन्नीतला खर्रा चौघांत फिरतो, त्याचं भय मात्र कोणालाच नव्हतं.) मग म्हणाले, "लोकं दारी येनं सोडतीन. हरभरा सोंगाले बाया नाई येनार. पोरगं पुन्याहून आलं, हे पानठेल्यावर आताच चालू हाय."

म्हणजे धास्ती गावाची होती. मुलानं १४ दिवस वेगळ्या खोलीत राहायचं ठरलं. लक्षणं बहुधा पाच-सहा दिवसांत दिसतात, पण चौदापर्यंत लांबू शकतात. आशाताई रोज दारात उभं राहून, शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशी विचारपूस करू लागल्या. पानठेल्यावरची कुजबुज त्यानंच कमी झाली असं माझं मत.

काकांना दम धरणं बंद. त्याऐवजी सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर, आकडा कॅलेंडरवर, मधे तपासणी नाही. ताप, कोरडा खोकला किंवा चालताना दम लागला तर सरळ दवाखाना. धडधड सुरू झाली की नाकानं श्वास घ्यायचा आणि त्याच्या दुप्पट वेळ लावून हळू सोडायचा. बातम्या संध्याकाळी एकदाच. गावचा ग्रुप सोडायला लावला नाही, तो सोडणं म्हणजे भांडणच. नुसता आवाज बंद केला.

झोप काही लगेच आली नाही. पण रात्रीची परीक्षा आधी थांबली, झोप मागून आली. पुढे टाळेबंदीत मजूर कोणालाच मिळेनात. चौदा दिवस सरल्यावर हरभरा बापलेकांनीच सोंगला.

दोन आठवडे झोप-जेवण उडालं, कामात मन लागेना किंवा मरणाचे विचार येऊ लागले, तर मात्र घरच्या उपायांवर थांबू नका. काकांच्या वेळी नव्हती, पण २०२२पासून टेली-मानसची १४४१६ ही मानसिक आरोग्यासाठीची मोफत फोनसेवा आहे. रात्री-बेरात्रीही लागते, मराठीत बोलता येतं.