मोबुटूच्या गावाचं पुढे काय झालं?

प्रश्न : आफ्रिकेतल्या जंगलातला एक पडका राजवाडा टीव्हीवर पाहिला. काँगोचा हुकूमशहा मोबुटू याचा, असं सांगितलं. त्याच्याच गावकऱ्यांनी तो लुटला का? आता तिथे कोण राहतं?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : तुम्ही पाहिलंत ते ग्बादोलिते. मी एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. 1997 साली वर्गातल्या नकाशावर ‘झाईर’ होतं, तिथे कागदाची पट्टी चिकटवून ‘काँगो’ लिहिलं. तेव्हापासून या गावाबद्दल हाती लागेल ते वाचत आलोय.

मोबुटू जन्मला 1930 साली लिसाला इथे. ग्बादोलिते हे त्याचं मूळगाव. आपल्याकडे जन्म मुंबईत आणि गाव कोकणात असतं ना, तसंच. वडील एका बेल्जियन न्यायाधीशाकडे स्वयंपाकी होते. 1965 मध्ये मोबुटूने लष्कराच्या जोरावर सत्ता घेतली आणि पुढे या झोपड्यांच्या वस्तीचं त्याने शहर केलं. राजवाडे, कारंजी, मोठं हॉटेल. राजधानी किन्शासा हजार किलोमीटरहून लांब, पण इथली धावपट्टी 3,200 मीटरची, म्हणजे पुण्याच्या धावपट्टीपेक्षाही लांब. कशासाठी? भाड्याने घेतलेलं काँकॉर्ड, म्हणजे आवाजाहून वेगाने उडणारं प्रवासी विमान, उतरावं म्हणून! देशातल्या शिक्षकांना पगार मिळत नव्हता, त्या काळातली ही गोष्ट. मला हे आजही सहन होत नाही.

मे 1997 मध्ये बंडखोर नेते लॉराँ कबिला यांच्या फौजा किन्शासाच्या वेशीवर आल्या, तेव्हा आजारी मोबुटू आधी गावीच आला. तिथून मालवाहू विमानाने निघाला, तर त्याच्याच सैनिकांनी विमानावर गोळ्या झाडल्या. सप्टेंबरमध्ये मोरोक्कोत राबात इथे तो वारला. कबरही तिथेच आहे, गावी नाही.

आता लुटीचं. जिंकून आलेल्या सैनिकांनीही लुटलं आणि गावकऱ्यांनीही. पण गावकऱ्यांना चोर म्हणायला माझी जीभ धजत नाही. सगळं गाव एका माणसाच्या पैशावर उभं केलेलं. तो गेला, तशी रोजची कमाईही गेली. दारं-खिडक्या, फरशा, छपराचे पत्रे, ज्याला जे उचलता आलं ते त्याने नेलं. त्यातच 1999 पासून ज्याँ-पिएर बेंबा या दुसऱ्या बंडखोर नेत्याच्या माणसांनी तिथेच आपलं मुख्य ठाणं मांडलं. गावाने सोसलं ते मोबुटू गेल्यावर थांबलं नाही.

तरी गाव ओस पडलेलं नाही, हे मुद्दाम सांगतो. टीव्हीवाले पडक्या भिंती दाखवतात आणि परत जातात. राजवाड्यांच्या आवारात गरीब कुटुंबं राहिली, त्यांनी तिथे शेती केली. 2015 मध्ये काँगोत नवे प्रांत झाले, तेव्हा ग्बादोलिते उत्तर उबांगी प्रांताची राजधानी झालं. आणि मोबुटूच्याच काळात उबांगी नदीवर मोबायी-म्बोंगो इथे बांधलेलं जलविद्युत केंद्र त्याच्यामागेही गावाला वीज देत राहिलं.