लंडनचा अवॉर्ड सांगलीच्या कोर्टात रद्द होत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हळदीचे दोन कंटेनर गेले, खरेदीदाराने क्वालिटीवरून वाद काढला, लंडनच्या लवादाने अवॉर्ड, म्हणजे निवाडा, तुमच्या विरोधात दिला. आता सांगलीच्या जिल्हा न्यायालयात लवाद कायद्याच्या कलम 34 खाली अर्ज टाकून तो रद्द करून घ्या, असं वकील सांगतायत. जमेल का?

नाही जमणार. मी वकील नाही, पण बेदाण्याच्या निर्यातीत याच खड्ड्यात पडून बाहेर आलोय, म्हणून सविस्तर लिहितो.

कलम 34 भारतात झालेल्या अवॉर्डसाठी आहे. करारात लवादाची सीट, म्हणजे कायदेशीर ठिकाण, लंडन असेल तर अवॉर्ड रद्द करायचा अधिकार तिथल्या कोर्टाचा, आणि तिथं मुदत फक्त 28 दिवसांची. सर्वोच्च न्यायालयाच्या 2002 च्या भाटिया निकालामुळे असे अर्ज इथं चालायचे. त्याच न्यायालयाच्या बाल्को निकालाने 6 सप्टेंबर 2012 नंतरच्या करारांसाठी तो रस्ता बंद केला. तुमचे वकील एकतर जुन्या आठवणीवर बोलतायत, नाहीतर परदेशी कोर्टाच्या हुकूमनाम्याशी गल्लत करतायत. तो हुकूमनामा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 44अ खाली जिल्हा न्यायालयात येतो. अवॉर्ड तसा येत नाही, 2015 च्या दुरुस्तीपासून त्याच्या अंमलबजावणीचा अर्ज उच्च न्यायालयातच करावा लागतो. आणि तो अर्ज खरेदीदाराने करायचा. तुम्ही फक्त लवाद कायद्याच्या कलम 48 खाली हरकत घ्यायची. (सांगली, सातारा धरून आपले सहा जिल्हे 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे आहेत. आम्हाला मात्र प्रत्येक तारखेला आदल्या रात्रीची गाडी धरून मुंबई गाठावी लागायची.)

कलम 48 मधली कारणं मोजकी: करारच वैध नव्हता, नोटीस मिळाली नाही किंवा बाजू मांडता आली नाही, लवादाने कराराबाहेरचं ठरवलं, लवाद ठरल्याप्रमाणे नेमला नाही, अवॉर्ड अजून बंधनकारक झालेला नाही किंवा तिकडेच रद्द झालाय. वर दोन कारणं कोर्ट स्वतःहूनही बघतं, विषय लवादाकडे जाण्याजोगाच नव्हता हे एक आणि अवॉर्ड भारताच्या सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे हे दुसरं.

"माल चांगला होता" हे या यादीत कुठंच नाही. तुमच्या पोस्टमध्ये मात्र बारा ओळी त्यावरच आहेत, कर्क्युमिनचा (हळदीतल्या पिवळ्या घटकाचा) रिपोर्ट, पॉलिशचे फोटो, सौद्याच्या पट्ट्या. श्री लाल महल प्रकरण वाचा. करार 1994 चा, माल ड्युरम गहू, खरेदीदार इटलीचा. निर्यातदाराकडे लोडिंगच्या वेळचं तपासणीचं सर्टिफिकेट होतं. खरेदीदार म्हणाला, आलेला गहू मऊ जातीचा आहे. लंडनच्या धान्य व्यापारातल्या लवादाने खरेदीदाराचं खरं मानलं. सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये सांगितलं की हरकतीच्या नावाखाली वाद पुन्हा पहिल्यापासून चालणार नाही. 2015 पासून हेच कायद्यातही लिहिलंय.

तुम्हाला कोणीतरी नाफेड विरुद्ध अलिमेंटा दाखवेल. 1980 चा शेंगदाण्याचा सौदा, आणि 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंमलबजावणी नाकारली. खरं आहे. पण तिथं उरलेला माल पाठवायला सरकारनेच परवानगी दिली नव्हती. त्याच वर्षी विजय कारिया प्रकरणात फेमाचं (परकीय चलन कायद्याचं) उल्लंघन झालं ही हरकत टिकली नाही, उलट हरकत घेणाऱ्यांवर 50 लाखांचा खर्च बसला. चाळीस वर्षं लढायची तयारी असेल तरच नाफेडच्या निकालावर भिस्त ठेवा.

खरा जीव नोटिशीच्या मुद्द्यात असतो. आमचाही तोच होता. लवादाचे मेल आमच्या फर्मच्या जुन्या आयडीवर यायचे, तो आयडी अकाउंटंट बघायचा. मी स्वतः एकही मेल वाचलेला नव्हता, त्यामुळे प्रतिज्ञापत्रात छातीठोकपणे लिहिलं की नोटीस मिळालीच नाही. समोरच्यांनी उत्तरासोबत एक प्रिंट जोडली. लवाद नेमल्याच्या मेलला आमच्या अकाउंटंटचं उत्तर: "रिसीव्ह्ड. ओनर आउट ऑफ स्टेशन." एवढंच. बिचाऱ्याने सवयीने लिहिलं होतं, उधारी मागायला आलेल्यालाही तो हेच सांगायचा. आमची केस त्या ओळीवर गेली.

तेव्हा पुरावा शोधताना लवादाच्या रेकॉर्डमध्ये काय आहे ते बघा. 2021 च्या जेमिनी बे निकालाप्रमाणे हरकत त्या रेकॉर्डवरूनच सिद्ध करावी लागते, इथं नव्याने साक्षीपुरावा उभा करायला वाव नाही.

तारखाही तपासा. अंमलबजावणीचा अर्ज तीन वर्षांत यायला हवा, 2020 च्या वेदांता निकालाने हे ठरलंय. आणि अपील एकतर्फी आहे: अंमलबजावणी नाकारली तर खरेदीदाराला कलम 50 खाली अपील, मंजूर झाली तर तुम्हाला नाही. उरतो सर्वोच्च न्यायालयातला विशेष अनुमती अर्ज, त्याचा खर्च दोन कंटेनरच्या नफ्यात बसत नाही.

आम्ही हरकत फेटाळली जायच्या आधीच तडजोड केली. व्याजाचा बराचसा भाग सुटला, बाकी तीन हप्त्यांत बँकेमार्फत दिले. आणखी सहा महिने आधी केली असती तर वकिलांची फीसुद्धा वाचली असती. भावकीत ऐकावं लागलं ते वेगळं.

तुमच्याकडे अजून अर्जाची नोटीस आलेली नाही, म्हणजे वेळ आहे. जिल्हा न्यायालयाचा वकालतनामा आज सही करू नका. आधी ऑफिसच्या मेलचं सेंट फोल्डर उघडा, अवॉर्डच्या आधीच्या वर्षभराचं, आणि लवादाला इकडून कोणी काही उत्तर दिलंय का बघा. कुरिअरच्या पोचपावतीवर सही कोणाची, तेही. गोडाऊनच्या वॉचमनची असेल तरी लिहा. ते कळवलंत की पुढचं सांगतो.