घर राखेल आणि शेतातही कामाला येईल असा एकच कुत्रा कोणता?

घर राखणं, शेळ्या वळवणं आणि उंदीर मारणं एकाच कुत्र्याला जमेल का, असं विचारलंय. बऱ्यापैकी जमतं. माझी पसंती इंग्लिश शेफर्डला: वजन साधारण २० ते ३० किलो, म्हणजे खाणं आटोक्यात, आणि मालकाकडे बघत काम करणारी जात. जर्मन शेफर्ड राखणीला सरस, पण आधी आई-बापाच्या खुब्यांचे एक्स-रे मागा. खुब्याचा आजार वंशातून येतो. लांडग्यांची भीती असेल तर ग्रेट पिरेनीज. मात्र तो रात्रभर भुंकतो (शेजाऱ्यांशी आधीच बोलून ठेवा) आणि दोन वर्षांचा होईपर्यंत खेळता खेळता एखादी कोंबडीही मारतो. पिल्लू निवडताना किल्ल्यांचा जुडगा खाली टाका. दचकून पुन्हा हुंगायला येईल ते घ्या, कोपऱ्यात दडून बसेल ते नको.