अमिबाला पोट का नाही? सगळ्याच सजीवांत पेशी, ऊती, अवयव असतात का?

पेशी, ऊती (एकसारखं काम करणाऱ्या पेशींचा गट), अवयव, अवयवसंस्था आणि मग पूर्ण सजीव, हे पुस्तकात वाचून तुमच्या मुलानं विचारलं की मग अमिबाला पोट का नाही. मी हायस्कूलला विज्ञान शिकवते. असा प्रश्न वर्गात आला की माझा तो दिवस छान जातो.

सगळे सजीव शेवटच्या पायरीपर्यंत चढत नाहीत. ती रचना तुमच्या-माझ्या शरीराची. अमिबाचा सगळा संसार एका पेशीत. अन्न जवळ आलं की तो छद्मपादांनी, म्हणजे पेशीतून तात्पुरत्या बाहेर काढलेल्या पायांसारख्या भागांनी, त्याला वेढतो आणि आतच पचवतो. शरीरात शिरलेलं जादा पाणी संकोचशील रिक्तिका नावाच्या इवल्या पिशवीत साठतं, ती फुगते आणि पाणी बाहेर टाकते. पचन आहे, पोट नाही. कामं वाटून घ्यायला दुसरं कुणी नाहीच!

मुलाला पायऱ्या पाठ करायला लावण्यापेक्षा ही कामाची वाटणी दाखवा, असं मला मनापासून वाटतं. वाटणी झाली की पेशी एका कामात तरबेज होते आणि बाकीची सोडून देते. आपली लाल रक्तपेशी तयार होतानाच स्वतःचं केंद्रक टाकून देते. आत भरलेलं असतं ते मुख्यतः हिमोग्लोबिन. ऑक्सिजन वाहण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही, पण तिला विभाजन करता येत नाही आणि साधारण 120 दिवसांत ती संपते.

स्पंज हा पाण्यात राहणारा साधा प्राणी, अमिबा आणि आपण यांच्या मधला. त्याच्या कॉलर पेशी पाणी खेळवतात, अन्नकण टिपतात. पण खऱ्या अर्थानं ऊती नाहीत, अवयव तर नाहीतच. 1907 मध्ये एच. व्ही. विल्सन या अमेरिकी शास्त्रज्ञानं जिवंत स्पंज बारीक जाळीच्या रेशमी कापडातून पिळून काढला. पेशी सुट्या झाल्या, मग सरकत सरकत एकमेकींना चिकटल्या आणि त्यातून पुन्हा छोटे स्पंज तयार झाले. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा ते पान दोनदा वाचलं होतं.

पावसाळ्यात जुहूच्या वाळूवर निळसर फुगे वाहून येतात, ते ब्लू बॉटल. (हात लावू देऊ नका, मेलेलाही डंख करतो.) दिसायला एकच प्राणी, पण ती वसाहत आहे. एकाच फलित अंड्यातून निघालेले अनेक जीव जोडलेले राहतात: कुणी फक्त तरंगवतं, कुणी शिकार पकडतं, कुणी पचवतं, कुणी प्रजनन करतं. अवयवांची कामं इथे अख्खे जीव करतात.

घरी करून बघायचं असेल तर शाळेतला सूक्ष्मदर्शक आणि पातीचा कांदा पुरे. गड्ड्याच्या पाकळीच्या आतल्या बाजूचा पातळ पापुद्रा काढा, आयोडीनचा थेंब टाका. विटा रचल्यासारख्या लांबट पेशी दिसतील, प्रत्येकीत केंद्रकाचा पिवळसर-तपकिरी ठिपका, पण हिरवं काही नाही. मग पातीची साल तशीच सोलून आयोडीन न घालता बघा. जोडीजोडीनं बसलेल्या रक्षक पेशी सापडतील, आत हिरवे कण आणि मधे पर्णरंध्राची, म्हणजे हवा आत-बाहेर जाण्याच्या छिद्राची, फट. दोन्ही पेशी एकाच झाडाच्या. वर पातीनं बनवलेलं अन्न खाली गड्ड्यात साठतं. तिथे अंधारात हिरवेपणाचं कामच नाही. दोन्ही काचपट्ट्या शेजारी ठेवा आणि आधी मुलालाच बोलू द्या.