जुना चेनसॉ (पेट्रोलवर चालणारी साखळी-करवत) घेताय? दोरी ओढायची घाई नको

मशीन हातात आलं की आधी सायलेन्सर खोला आणि एक्झॉस्टच्या भोकातून टॉर्च मारून पिस्टन बघा. उभे ओरखडे दिसले तर सिलिंडर-पिस्टनचा खर्च धरूनच भाव करा. गुळगुळीत असेल तर कार्बोरेटर खोला. ठाण्याच्या पावसाळ्यात टाकीत राहिलेलं इथेनॉलवालं पेट्रोल ओल धरतं, कार्बोरेटरमधला डायफ्रॅम (पातळ लवचिक पडदा) पापडासारखा कडक होतो. मग मशीन चोकवर दोनदा भुरभुरतं आणि बंद पडतं. डायफ्रॅमचं किट बदला. जेट (पेट्रोल जाण्याचं बारीक भोक) तारेने कोरू नका, भोक मोठं होतं!

स्पार्क प्लगच्या टोकांमधला गॅप ०.५ मिमी. पेट्रोलच्या दर लिटरमागे साधं टू-स्ट्रोक ऑइल ४० मिली मिसळा. चालू झाल्यावर वेग आपोआप चढत गेला तर बहुधा क्रँकचे सील (दांड्याभोवती हवा अडवणाऱ्या रबरी कड्या) गेलेत. लगेच बंद करा. तिथून शिरणाऱ्या जादा हवेने मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, त्यासोबत येणारं वंगणही कमी पडतं आणि धडधाकट पिस्टनही जाम होतो.