‘बाई, कागद चुकलाय’

ताई, तुम्ही लिहिलंय की वर्गात टॅब येऊन आठ महिने झाले, मुलं सांगितलेलं सगळं करतात, सादरीकरणंही छान होतात. पण पडद्यावर जरा काही वेगळं दिसलं की सगळे हात वर होतात आणि तुम्ही या बाकावरून त्या बाकाकडे पळत राहता. ‘मीच कुठे कमी पडतेय का?’ हे तुमचं शेवटचं वाक्य वाचलं आणि लिहायला बसले. हेच वाक्य काही वर्षांपूर्वी मी माझ्या टाचणवहीत लिहिलं होतं.

चार्जिंग, खाती, नेटचा वेग हे तुम्ही सांभाळलंच असेल, त्यात शिरत नाही. आधीच सांगते, मी भाषेची शिक्षिका आहे, तंत्रज्ञ नाही. माझा अनुभव आठवी-नववीचा. अगदी लहान मुलांना यातलं काय लागू पडेल, ते त्यांना शिकवणाऱ्यांनीच सांगावं.

माझी चूक पायऱ्यांच्या कागदाची. गोंधळ नको म्हणून मी प्रत्येक तासासाठी एक कागद करायचे. पायरी १, वरच्या डाव्या कोपऱ्यातली निळी खूण दाबा. पायरी २, तिसरा पर्याय निवडा. असं करत पायरी १४, ‘सेव्ह’ दाबा. सोबत चित्रं. रात्री जागून करायचे आणि मनापासून करायचे. तास शांत जायचा, वेळेत संपायचा, ३८ मुलांची ३८ सादरीकरणं तयार व्हायची. ती सगळी एकसारखी दिसतात, हे मला तेव्हा खटकलं नाही. उलट सगळ्यांना जमलं याचा आनंद व्हायचा. अशी दोन वर्षं गेली.

मग एका सकाळी ॲप अपडेट झालेलं निघालं. वरची पट्टी खाली गेली होती, निळी खूण करडी झाली होती. पहिल्याच पायरीला वर्ग थांबला. पुढच्या बाकावरची एक हुशार मुलगी म्हणाली, ‘बाई, कागद चुकलाय.’ ती खूण पडद्याच्या खालच्या कडेला होती, तिच्याखाली तेच नाव लिहिलेलं होतं. पण मुलगी पडद्याकडे बघतच नव्हती. तिची नजर कागदावर होती, कारण दोन वर्षं मी तिला तिथेच बघायला शिकवलं होतं.

तरीही मी फक्त कागद दुरुस्त केला. खरा धडा मिळाला तो आधीच्या तुकडीतली एक विद्यार्थिनी भेटायला आली तेव्हा. पुढच्या शिक्षणासाठी तिला अर्ज पाठवायचा होता. तिने तो नीट टाइप केला, सेव्ह केला, आणि फाईल जोडायची वेळ आली तेव्हा ती सापडेना. संध्याकाळभर शोधली. मुदत त्याच रात्री संपत होती, ती संपली. मला म्हणाली, ‘बाई, सेव्ह तर केलं होतं.’ माझ्या प्रात्यक्षिकात तिला पैकीच्या पैकी गुण होते. ते मीच दिले होते. कुठे सेव्ह करायचं, कोणत्या नावाने, हे सगळं मी आधीच ठरवून ठेवलेलं असायचं. तिच्या वाट्याला फक्त एक बटण उरायचं. फाईल म्हणजे काय, ती या टॅबमध्ये राहते की दूर कुठल्या सर्व्हरवर, हा प्रश्न तिच्यासमोर मी कधी येऊच दिला नाही.

आमच्या वरच्या एका कार्यालयाबद्दलही बोलते, नाव घेत नाही. त्यांना दरमहा दोन गोष्टी लागायच्या: टॅब किती तास वापरले त्याचा तक्ता आणि मुलं पडद्यासमोर बसल्याचे फोटो. माझे कागद त्यांना इतके आवडले की इतर शाळांनीही तसेच करावेत म्हणून फिरवले गेले. पुढे मी लेखी कळवलं की हे कागदच घातक ठरताहेत, आणि विनंती केली की टॅबला लावलेलं कुलूप थोडं सैल करा, मुलांना स्वतःचे फोल्डर तरी करू द्या. पाच महिन्यांनी उत्तर आलं. त्यात तासांचा नवा तक्ता होता आणि तो वेळेत भरण्याची सूचना. विनंतीबद्दल एक ओळ नव्हती. मला अजूनही याचा राग येतो. मूल किती वेळ पडद्यासमोर बसलं यावरून ते काय शिकलं हे कळत नाही, आणि हे समजायला संगणकतज्ज्ञ असावं लागत नाही.

त्या काळात थोडं वाचन केलं. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने १९९९ साली एक अहवाल काढला होता. त्यांनी ‘साक्षरता’ हा शब्द मुद्दाम बाजूला ठेवून ‘फ्लुएन्सी’ हा शब्द घेतला, भाषा सफाईने बोलता येते त्या अर्थाचा. त्यात आजची साधनं वापरण्याचं कौशल्य हा तीनपैकी एकच भाग आहे. दुसरा भाग पायाभूत संकल्पनांचा, आणि तिसरा विचार करण्याच्या क्षमतांचा: अनपेक्षित घडेल हे धरून चालणं, बिघडलेलं दुरुस्त करणं, तंत्र बदलणार हे ओळखून असणं. भाषा शिकवणारीला हे लगेच कळलं. मी मुलांना परक्या भाषेतली १४ वाक्यं पाठ करून घेतली होती. समोरच्याने पंधरावं वाक्य उच्चारलं की ती मुकी व्हायची.

‘ही पिढी मोबाईल हातात घेऊनच जन्मली, तिला काय शिकवायचं?’ असं कोणी तुम्हाला ऐकवत असेल तर ऐकू नका. अमेरिकी लेखक मार्क प्रेन्स्की यांनी २००१ साली ‘डिजिटल नेटिव्ह’ हा शब्द रूढ केला, तेव्हापासून हा समज पक्का झालाय. पण मुलांची संगणक आणि माहिती साक्षरता मोजणाऱ्या आयसीआयएलएस या आंतरराष्ट्रीय चाचणीत २०१८ साली आठवीच्या मुलांपैकी सर्वात वरच्या पातळीवर फक्त २ टक्के मुलं पोहोचली. अंगठा झरझर फिरणं आणि मिळालेली माहिती पारखता येणं यांचा एकमेकांशी फार कमी संबंध आहे.

आता मी काय करते ते सांगते. कागद अजूनही देते, पण त्यावर कसं करायचं ते नसतं, फक्त काय तयार व्हायला हवं ते असतं. पहिली दहा मिनिटं मी कोणाच्याही टॅबला हात लावत नाही. हे पाळणं मला सर्वात जड गेलं. हात वर केला की मुलाने आधी तीन गोष्टी सांगायच्या: काय करायचं होतं, काय केलं, काय झालं. निम्मे हात हे सांगता सांगताच खाली येतात. सेमूर पॅपर्ट हे मुलांसाठीची ‘लोगो’ ही संगणकाची भाषा घडवणाऱ्यांपैकी एक. त्या भाषेत पडद्यावरचं कासव चुकीच्या दिशेला गेलं की मुलांनी आज्ञा तपासून दुरुस्त करायची असते, चूक म्हणून गुण कापले जात नाहीत. १९६७ साली जन्मलेल्या त्या भाषेमागचा हा विचार मला आजच्या कित्येक महागड्या ॲपपेक्षा जास्त शहाणा वाटतो.

फाईलसाठी वेगळा तासच ठेवते. एका टॅबवर लिहायचं, तो बंद करायचा, दुसऱ्यावर बसून तेच लिखाण शोधून काढायचं. नंतर नेट बंद करून पुन्हा शोधायचं. काय सापडतं आणि काय सापडत नाही, यावरून टॅबमधलं आणि सर्व्हरवरचं यातला फरक मुलांना न सांगता उमगतो. नाव देताना तारीख आणि विषय घालायची सवयही इथेच लागते.

दोघांत एक टॅब असेल तर हा नियम करून बघा: ज्याच्या हातात टॅब त्याने निर्णय घ्यायचा नाही, जो निर्णय घेतो त्याने टॅबला हात लावायचा नाही, दहा मिनिटांनी अदलाबदल. नाहीतर ज्याच्या घरी यंत्र आहे तोच सगळं करतो आणि दुसरा नुसता मान हलवतो.

माहिती पारखण्याबद्दल स्टॅनफर्डच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांचं २०१७ चं काम जरूर बघा. त्यांनी इतिहासकार, विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्यतपासनीस यांना एकाच प्रकारची संकेतस्थळं दाखवली. इतिहासकारही दिखाऊ पानांना फसले. तपासनीस मात्र त्या पानावर रेंगाळलेच नाहीत. ब्राउझरमध्ये नवी पानं उघडून इतर लोक त्या संस्थेबद्दल काय म्हणतात ते त्यांनी आधी पाहिलं. आम्ही मात्र मुलांना तेच पान बारकाईने वाचायला लावतो.

परीक्षेबद्दल माझं मत कडक आहे आणि ते सगळ्यांना पटणार नाही. मुलांनी कधीच न पाहिलेलं ॲप द्यावं, ओळखीचं काम त्यात करायला सांगावं, आणि वाट कशी शोधली त्याला निम्मे गुण द्यावेत. उत्तर लिहून देणाऱ्या एआय साधनांबाबत मी तूर्त एवढंच पाळते की पहिला मसुदा मुलाचा स्वतःचा. यावर माझं मत पुढे बदलूही शकेल.

या पद्धतीत पहिले दीड महिने गोंगाट होतो आणि अभ्यासक्रम मागे पडतो. माझे दोन धडे मागे पडले होते, मुख्याध्यापकांना ते आधीच सांगून ठेवा. आणि सगळे कागद एका दिवसात काढून घेऊ नका. मी घेतले होते, तेव्हा दोन मुलं रडली आणि एक मूल आठवडाभर टॅबजवळ आलं नाही. शेवटच्या पायऱ्या आधी कापा, मग हळूहळू वर सरका. सुरुवात ‘सेव्ह’पासून करा.