खाकी साडीतल्या आईविषयी काय लिहावे?

प्रश्न : आमची आई जाऊन यंदा पंचवीस वर्षे होत आहेत. त्यानिमित्त आम्ही भावंडे घरगुती स्मरणिका काढत आहोत. वडील आम्ही लहान असतानाच गेले आणि आईने राजवाड्याजवळच्या दोन खोल्यांत, लोकांचे कपडे शिवून, आम्हा चौघांना शिकवले. गल्लीतल्या बायका तिच्याकडून पत्रे वाचून घेत. त्यांतला चकार शब्द ती घरात बोलत नसे. तिच्या ट्रंकेत खाकी साडीतला एक फोटो आणि एक पदक सापडले. पदकाच्या एका बाजूला राजाचे मस्तक आहे, दुसऱ्या बाजूला हिंदुस्थानचा नकाशा. लग्नाआधी, युद्धाच्या काळात, ती दिल्लीला सैन्याच्या सांकेतिक तारांच्या कामावर होती, एवढेच मामांकडून कळले होते. थोरले दादा म्हणतात, की आईचे वडील प्रजामंडळात, म्हणजे संस्थानातल्या स्वातंत्र्य चळवळीच्या संघटनेत, होते, तेव्हा इंग्रजांच्या नोकरीचा उल्लेख नको. ‘प्रेमळ माता’ एवढे पुरे. मला ते पटत नाही. काय करावे?
— एक वाचक भगिनी, इंदूर

उत्तर : ताई, उल्लेख अवश्य करावा, आणि तो एका ओळीत उरकू नये. आपण वर्णन केलेले पदक इंडिया सर्व्हिस मेडल दिसते. ३ सप्टेंबर १९३९ ते २ सप्टेंबर १९४५ या काळात हिंदुस्थानात, प्रत्यक्ष रणक्षेत्राबाहेर, तीन वर्षे सेवा झालेल्यांना ते मिळे. स्त्रियांचे साहाय्यक दल, म्हणजे विमेन्स ऑक्झिलरी कोअर, एप्रिल १९४२मध्ये उभे राहिले. आता हिशेब करा : आपल्या आई या दलात असतील, आणि खाकी साडीवरून तसेच वाटते, तर तीन वर्षे भरण्यासाठी त्या १९४२च्या एप्रिल ते सप्टेंबरच्या आरंभापर्यंतच भरती झालेल्या असणार. म्हणजे ज्या उन्हाळ्या-पावसाळ्यात ‘चले जाव’ची हाक उठली, त्याच महिन्यांत प्रजामंडळाच्या एका कार्यकर्त्याची मुलगी सैन्याचा गणवेश घालून दिल्लीला गेली. दादांना जे अडचणीचे वाटते, ते मला त्या घराच्या इतिहासातले सर्वांत मोलाचे पान वाटते.

त्या का गेल्या, हे मात्र आपण ठरवू नये. युद्धाने महागाई भडकली होती आणि बऱ्याच घरांना पगाराची निकड होती. त्या पगारासाठी गेल्या असतील, तर त्यात कमीपणा काहीच नाही. त्यांनी स्वतः कधी म्हटले नसताना ‘देशासाठी’ किंवा ‘साम्राज्यासाठी’ असे शब्द त्यांच्या तोंडी घालू नयेत. वडील काय म्हणाले असतील, याबद्दल मामांच्या घरी कोणाला काही आठवत असेल, तर ते आजच विचारून घ्या. अशा आठवणी फार दिवस थांबत नाहीत.

काय काम केले, ते मात्र सविस्तर लिहावे. या दलात दहा हजारांहून अधिक स्त्रियांनी काम केले. त्या दूरध्वनी चालवीत, टंकलेखन करीत, सांकेतिक संदेश लिहीत आणि उलगडीत. हिंदी स्त्रियांना झग्याऐवजी खाकी साडी नेसण्याची मुभा होती. सांकेतिक संदेशांचे काम एकाग्र शांततेत चाले, कारण एक अक्षर चुकले तरी मजकूर बिघडू शके, आणि जे वाचले ते घरीही बोलायचे नाही, असा दंडक असे. दुसऱ्याचे पत्र वाचून त्यातले काहीच घरात न बोलणाऱ्या बाईचे आपण जे वर्णन केले आहे, ते मी पुन्हा पुन्हा वाचले. ही सवय त्यांना दिल्लीत लागली, की ती अंगी असल्यामुळेच त्यांना ते काम मिळाले, हे सांगता येणार नाही. पण स्मरणिकेत या दोन गोष्टी शेजारी शेजारी याव्यात. शिवणयंत्रावर चार मुले वाढवणारी आई आणि तारांच्या कचेरीतली मुलगी अशी दोन वेगळी प्रकरणे करू नयेत.

एक गोष्ट दादांना जरूर सांगा. १९४७मध्ये ते दल मोडले, आणि त्यानंतर वैद्यकीय व परिचर्या सेवा सोडल्या, तर भारतीय लष्करात स्त्रियांना अधिकारी म्हणून प्रवेश मिळायला १९९२ साल उजाडावे लागले. आईची चुप्पी काही अंशी तिथूनही आली असेल; ज्या वाटेने त्या गेल्या, ती वाटच मागे बुजली होती.

आता एक छोटे काम. हिंदी सैन्याला दिलेल्या काही पदकांच्या कडेवर क्रमांक, हुद्दा आणि नाव ठोकलेले असे. पदक पॉलिश करू नका. मऊ कापडाने पुसून, उजेडात भिंग धरून ती कड वाचा. आईचे नाव दिसले, तर ते माहेरचे असेल. फोटोखाली तेच नाव छापावे, आणि त्याखाली सासरचे.